उच्छ्वासातून फुप्फुसाचा आजार कळतो का? नमुने गोळा करणारीच्या नजरेतून

ऋता_प (धागाकर्ती)

गेली नऊ वर्षं माझं काम एकच आहे. लोकांना नळीत फुंकायला सांगायचं आणि त्यांनी फुंकलेलं जपून ठेवायचं. आधी श्वसन चाचण्यांच्या खोलीत होते, आता उच्छ्वासाच्या नमुन्यांवर संशोधन चालतं तिथे आहे. दर थोड्या दिवसांनी कुणीतरी एखादी बातमी पाठवतं, "एका फुंकरीत कॅन्सर ओळखणारं यंत्र", आणि खाली विचारतं, हे खरं आहे का गं? प्रत्येकाला तुकड्यातुकड्याने सांगण्यापेक्षा इथे एकदा नीट लिहिते.

कल्पना अजिबात खुळी नाही, हे आधी सांगते. आपल्या फुप्फुसांत तीस ते पन्नास कोटी वायुकोश असतात. ते सगळे उलगडून पसरले तर साधारण ७० चौरस मीटर जागा व्यापतील. त्यांची भिंत इतकी पातळ असते की रक्त आणि हवा यांच्यात एक मायक्रॉनसुद्धा अंतर नसतं. माणूस स्वस्थ बसलेला असला तरी मिनिटाभरात शरीरातलं जवळजवळ सगळं रक्त तिथून एकदा फिरून जातं. रक्तात जे जे उडून जाण्यासारखं आहे, ते थोडंफार हवेत उतरतं. मग ती हवा श्वासनलिकांतून वर येताना तिथल्या अस्तरानं सोडलेलंही काही उचलून आणते. म्हणजे एका फुंकरीत दोन ठिकाणचा माल असतो, एक रक्तातला आणि एक वाटेतला.

वैद्यांना हे फार पूर्वीपासून नाकाने कळत होतं. मधुमेह बेफाम वाढला की श्वासाला पिकल्या फळासारखा वास येतो, तो अॅसिटोनचा. फुप्फुसात गळू झालं की श्वास कुजका येतो. नाकाच्या पलीकडे मोजमाप गेलं ते खऱ्या अर्थाने १९७१ मध्ये. रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी श्वास थंड करून अडकवला, गॅस क्रोमॅटोग्राफ या वाफा वेगवेगळ्या करणाऱ्या यंत्रातून सोडला, तर सुमारे २५० वेगवेगळे पदार्थ दिसले. २०१४ मध्ये निरोगी माणसांच्या उच्छ्वासातल्या सेंद्रिय वाफांची यादी झाली तेव्हा आकडा ८७२ होता, २०२१ च्या यादीत १४८८. यातल्या बहुतेकांचं प्रमाण अब्जात काही भाग किंवा त्याहूनही कमी असतं.

एवढी मोठी यादी हाताशी असून फुप्फुसाच्या दवाखान्यात रोज वापरला जाणारा, उपचार ठरवायला मदत करणारा रेणू मात्र जवळजवळ एकच आहे. नायट्रिक ऑक्साइड. बाकीचे का अडकले, हाच माझ्या धाग्याचा विषय. माझं मत आधीच सांगून टाकते: यंत्रं आता पुरेशी तीक्ष्ण आहेत, कच्चा राहतो तो नमुना.

आमच्याकडचंच उदाहरण देते. जुन्या दम्याचे आणि धूम्रपानाने फुप्फुसं खराब झालेले रुग्ण एका बाजूला, निरोगी माणसं दुसऱ्या बाजूला, असे नमुने आम्ही आठ महिने गोळा केले. यंत्राच्या आलेखावर प्रत्येक पदार्थाचं एक शिखर उमटतं. त्यातलं एक शिखर रुग्णांमध्ये इतकं ठळक होतं की दोन गट डोळ्यांनीच वेगळे दिसत होते. आठवडाभर आम्ही आनंदात होतो. मग एका सहकाऱ्याने रिकाम्या खोलीतल्या हवेचे नमुने काढून पाहिले. ते शिखर आयसोप्रोपिल अल्कोहोलचं निघालं. रुग्णांचे नमुने वॉर्डाशेजारच्या खोलीत घेतले होते, तिथे दिवसभर हात निर्जंतुक करण्याचा द्रव वापरला जायचा. निरोगी माणसांचे नमुने वरच्या मजल्यावर, आमच्या बसायच्या जागेत. आम्ही आजार मोजलाच नव्हता, खोली मोजली होती. आठ महिन्यांचं काम बाजूला ठेवावं लागलं. एक आजोबा धाप लागत असताना तीन जिने चढून नमुना द्यायला आले होते, कारण त्या दिवशी लिफ्ट बंद होती. त्यांचा नमुनाही त्यातच गेला. ते मला अजून लागतं.

प्रश्न विचारा, जमेल तसं लिहीन.


वाचनमात्र

फार छान धागा. वाचनखूण साठवली आहे. नायट्रिक ऑक्साइडबद्दल सविस्तर लिहाल का?


मीनल९

ताई, अगदी वेळेवर धागा आला. माझा मुलगा नऊ वर्षांचा, दोन वर्षांपासून दमा आहे. पंप रोज चालू आहे, तरी रात्रीचा खोकला जात नाही. डॉक्टरांनी आता फेनो नावाची तपासणी लिहून दिली आहे. ती हीच का? त्याला जमेल का? मागे स्पायरोमेट्रीच्या वेळी तो घाबरून रडला होता, म्हणून धास्ती वाटते.


ऋता_प

मीनलताई, हीच, उच्छ्वासातला नायट्रिक ऑक्साइड मोजण्याची. आणि घाबरू नका, फेनो स्पायरोमेट्रीपेक्षा पुष्कळ सोपी आहे. तिथे जीव खाऊन जोरात फुंकायचं असतं, इथे उलट, हळू आणि एकसारखं. मी मुलांना सांगते, समोर मेणबत्ती आहे असं समज, ती विझवायची नाही, ज्योत नुसती वाकती ठेवायची. यंत्राच्या पडद्यावर बहुधा ढग किंवा फुगा असतो. फुंकर बरोबर असली की तो दोन रेघांच्या मध्ये तरंगतो, जोर वाढला की वर जातो, कमी झाला की खाली येतो. मोठ्यांना दहा सेकंद धरावं लागतं, लहानांसाठी काही यंत्रांत सहा सेकंदांची सोय असते. पहिल्या प्रयत्नात क्वचितच जमतं. दुसऱ्या-तिसऱ्याला मुलं ढगाकडे एकटक बघत राहतात, खांदे खाली येतात, आणि मग मला कळतं की आता जमणार.

हळू का, ते सांगते, कारण हीच गोष्ट या चाचणीला इतरांपेक्षा वेगळी करते. हा वायू श्वासनलिकांच्या अस्तरात तयार होतो. हवा सावकाश गेली तर ती भिंतीपाशी जास्त वेळ रेंगाळते आणि जास्त वायू उचलते. जोरात गेली तर कमी. म्हणजे एकाच माणसाने दोन वेगांनी फुंकलं तर दोन वेगळे आकडे येणार. म्हणून सगळ्या जगाने एक वेग ठरवून घेतला, सेकंदाला ५० मिलिलिटर. शिवाय नळीत मुद्दाम थोडा अडथळा ठेवलेला असतो. त्याविरुद्ध फुंकताना टाळूचा मऊ भाग वर उचलला जाऊन नाकाची वाट बंद होते. नाकात आणि सायनसमध्ये हा वायू खूप जास्त असतो, तो मिसळला तर आकड्याला काही अर्थच उरत नाही.

वाचनमात्र, तुमच्यासाठी थोडा इतिहास. मोटारीच्या धुरात सापडणारा हा वायू आपलं शरीर स्वतः बनवतं आणि रक्तवाहिन्या सैल करायला वापरतं, या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं. तो माणसाच्या उच्छ्वासात असतो हे १९९१ मध्ये दिसलं, आणि दमेकऱ्यांमध्ये वाढलेला असतो हे १९९३ मध्ये. ऍलर्जीच्या वळणाच्या दम्यात शरीरातले काही संदेशवाहक रेणू अस्तरातल्या पेशींना चेतवतात आणि त्या हा वायू जास्त सोडू लागतात. हाच दाह स्टेरॉइडच्या पंपाला चांगला जुमानतो. त्यामुळे आकडा जास्त असला तर पंपाचा उपयोग होण्याची शक्यता जास्त. कारण, मोजमाप आणि औषध ही साखळी इथे सलग आहे. बाकीच्या शेकडो वाफांमध्ये ती कुठेतरी तुटते.


छातीचे_डॉक्टर

ऋता यांनी उत्तम लिहिलं आहे. मीनलताईंसाठी आकड्यांची भर घालतो. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीच्या २०११ च्या मार्गदर्शनानुसार मोठ्यांमध्ये २५ पीपीबीखाली कमी आणि ५० च्या वर जास्त. बारा वर्षांखालच्या मुलांमध्ये २० खाली कमी, ३५ च्या वर जास्त. पीपीबी म्हणजे अब्जात एक भाग. मधल्या पट्ट्यात आकडा आला तर लक्षणं बघून ठरवायचं. ब्रिटनच्या २०२४ च्या नव्या सूचनांत तर दम्याचं निदान करायच्या पहिल्या पायऱ्यांतच ही चाचणी ठेवली आहे.

पण आकडा कमी आला म्हणजे दमा नाही, असं मात्र समजू नका. दम्याचे प्रकार आहेत, आणि सगळ्यांत हा वायू वाढत नाही. सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये आकडा खाली येतो. साध्या सर्दीने वर जातो. नायट्रेट भरपूर असलेल्या पालेभाज्या खाल्ल्यानेही वर जातो.

दुसरं, यंत्र नाकाला लावून जो आकडा मिळतो त्याचाही एक फार सुंदर उपयोग आहे. काही मुलांच्या श्वासमार्गातले सूक्ष्म केस जन्मतःच नीट हलत नाहीत. सतत सर्दी, कान वाहणं, छातीत कफ. अशा मुलांमध्ये नाकातला नायट्रिक ऑक्साइड विलक्षण कमी असतो. हे निदान वर्षानुवर्षं हुकत असे. आता काही मिनिटांच्या मोजणीने निदान पुढच्या तपासाच्या वाटेला तरी लागतं.


कणाद

मी रसायनशास्त्राचा माणूस, पण श्वासावर कधी काम केलं नाही. एक सरळ प्रश्न. पिशवीत श्वास भरायचा आणि मास स्पेक्ट्रोमीटरला, म्हणजे रेणू वजनावरून ओळखणाऱ्या यंत्राला, लावायचा, यात एवढं अवघड काय आहे? अब्जातला भाग मोजणं ही आज नवलाची गोष्ट राहिलेली नाही.


ऋता_प

कणाद, अवघड मोजणं नाहीच, अवघड आहे ते पिशवीत काय भरलं हे खात्रीने सांगणं.

पहिली गोष्ट, कुठला श्वास? आपण एका वेळी साधारण अर्धा लिटर हवा बाहेर टाकतो. त्यातली पहिली १५० मिलिलिटर तोंड, घसा आणि मोठ्या नळ्यांमधली, जिचा रक्ताशी संबंधच आलेला नसतो. शेवटची हवा वायुकोशांतली. दोन्ही एकत्र भरली तर नमुना पातळ होतो, आणि किती पातळ हे माणसागणिक बदलतं. म्हणून हल्ली कार्बन डायऑक्साइड किंवा दाब मोजत राहून ठराविक क्षणी झडप उघडणारी उपकरणं वापरतात.

दुसरी गोष्ट, पिशवी स्वतः बोलते. टेडलार नावाच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या पूर्वी सर्रास वापरल्या जायच्या. त्यांतून फिनॉल झिरपतं. आणि आतल्या वाफा तासागणिक भिंतीतून निसटतात. म्हणून आम्ही नमुना लगेच टेनॅक्ससारख्या शोषक भुकटीच्या नळीवर उतरवतो. करंगळीएवढी नळी. दोन्ही टोकांना पितळी टोपण. टोपण किती घट्ट आवळायचं हेसुद्धा शिकावं लागतं, कारण सैल राहिलं तर फ्रीजमधली हवा आत शिरते. मी प्रत्येक नळीचं टोपण आवळल्यावर दोन बोटांनी पुन्हा एकदा तपासते, आणि त्याच सत्रात खोलीतल्या हवेची एक नळी भरते. ती रिकाम्या खोलीची नळी आमच्याकडे आता रुग्णाच्या नळीइतकीच मोलाची मानली जाते.

तिसरं, पाणी. श्वास बाष्पाने भरलेला असतो आणि ते बाष्प भुकटीतही शिरतं, उपकरणातही.

चौथं, माणूस. आयसोप्रीन नावाची वाफ सगळ्यांच्या श्वासात असते. तीच व्यक्ती उठून पायऱ्या चढली की पहिल्या काही क्षणांत तिचं प्रमाण काही पटींनी उसळतं. म्हणजे धापा टाकत आलेला रुग्ण आणि आरामात बसलेला निरोगी माणूस यांची तुलना केली की आयसोप्रीनमध्ये फरक दिसणारच. तो आजाराचा नव्हे, चालण्याचा. त्या तीन जिने चढून आलेल्या आजोबांना मी लगेच खुर्चीत बसवून फुंकायला लावलं होतं. आज मी दहा-पंधरा मिनिटं बसवून ठेवते, मधे बोलायलाही लावत नाही.


कणाद

खोलीची नळी ही कल्पना पटली. पण मग आत घेतलेली हवा सरळ वजा का करत नाहीत?


ऋता_प

करून पाहतात, पण सरळ वजाबाकी चालत नाही. काही वाफा रक्तात विरघळतात, चरबीत साठतात आणि तासाभराने, दिवसाने परत येतात. सिगारेटमधून आलेलं अॅसिटोनायट्राइल शेवटच्या झुरक्यानंतर काही दिवस श्वासात सापडतं. स्वच्छ गाळलेली हवा आधी काही मिनिटं देऊन मग नमुना घेतात, त्याने फायदा होतो, पण चरबीत मुरलेलं त्याने धुऊन निघत नाही.

यावर जगभरच्या प्रयोगशाळांनी मिळून एक फार साधा, मला मनापासून आवडलेला प्रयोग केला. पेपरमिंट तेलाची कॅप्सूल गिळायची आणि पुढचे काही तास ठराविक वेळांनी श्वास मोजायचा. तेलातले मेंथॉन, सिनिओल, पायनीन, लिमोनीन हे पदार्थ श्वासात चढतात आणि उतरतात. कॅप्सूल सगळ्यांची सारखी, तेव्हा उतरणीचा वक्रही सारखा यायला हवा. ज्या प्रयोगशाळेचा येत नाही तिने आजाराकडे वळण्याआधी आपली पद्धत तपासावी. आमच्याकडे पहिल्यांदा केला तेव्हा आमचा वक्र वेडावाकडा आला होता. एक नळी जोडणारं रबर स्वतःच मेंथॉन शोषून नंतर सोडत होतं. ते रबर बदललं.


समीर_क

मी थोडा घाईत आणि काळजीत लिहितोय. वडील ६६ वर्षांचे, तीस वर्षं सिगारेट, चार वर्षांपूर्वी सोडली. सीटी स्कॅनमध्ये उजव्या फुप्फुसात ७ मिलिमीटरची गाठ दिसली. डॉक्टर म्हणाले, सहा महिन्यांनी पुन्हा सीटी करू. सहा महिने नुसतं थांबायचं? एके ठिकाणी श्वासावरून कॅन्सर सांगणारी चाचणी करून मिळते असं वाचलं. ती करून घेतली तर निदान मनाला तरी शांतता मिळेल ना?


छातीचे_डॉक्टर

समीर, तुमची काळजी समजते. सहा महिने हातावर हात ठेवून बसल्यासारखं वाटतं, पण तसं नाही. गाठ धोक्याची आहे की नाही हे तिच्या आजच्या आकारापेक्षा ती वाढते की नाही यावरून जास्त कळतं. दोन स्कॅनमधलं अंतर हीच तपासणी आहे. ७ मिलिमीटरच्या घट्ट गाठीसाठी सहा ते बारा महिन्यांनी पुन्हा सीटी करणं हेच सर्वमान्य आहे. बहुसंख्य गाठी जुन्या संसर्गाच्या खुणा निघतात. अमेरिकेत ५३,००० हून अधिक धूम्रपान करणाऱ्या किंवा केलेल्या लोकांवर कमी मात्रेच्या सीटीची मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. फुप्फुसाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू छातीच्या साध्या एक्स-रेच्या तुलनेत २० टक्क्यांनी घटले. आणि त्याच चाचणीत, ज्यांच्या स्कॅनवर काहीतरी दिसलं त्यांच्यातल्या दर १०० पैकी ९५ हून जास्त निकाल कॅन्सरचे नव्हते.

म्हणूनच संशोधकांना श्वासाची इतकी आस आहे. सीटीवर दिसलेल्या गाठींतली कुठली उघडून बघायची आणि कुठलीवर नुसती नजर ठेवायची, हे फुंकरीने सांगता आलं तर कितीतरी लोकांची सुई आणि शस्त्रक्रिया वाचेल. पण आजच्या घडीला फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी श्वासाची चाचणी उपचारांच्या सूचनांत नाही. वडिलांचा निकाल "ठीक" आला म्हणून तुम्ही पुढचा सीटी चुकवलात तर नुकसान होईल. "ठीक नाही" आला तर काळजी वाढेल आणि तरीही सीटीच करावा लागेल. तेव्हा तारीख पाळा. वडिलांनी सिगारेट सोडली, हे सगळ्यांत मोठं काम त्यांनी आधीच केलंय, हे त्यांना सांगा.


अंकगणिती

डॉक्टरांच्या म्हणण्याला थोडं गणिताचं बळ देतो, कारण "९० टक्के अचूक" हे शब्द वाचून माणसं फसतात.

समजा चाचणी ९० टक्के आजारी पकडते आणि ९० टक्के निरोगींना निरोगी सांगते. १००० माणसांत कॅन्सर असलेले १०. त्यातले ९ पकडले. उरलेल्या ९९० निरोगींपैकी ९९ जणांनाही तिने कॅन्सर सांगितला. म्हणजे ज्यांना "आहे" सांगितलं त्या १०८ जणांत खरे फक्त ९.

दुसरी गोष्ट त्याहून आधीची आहे. एका नमुन्यात ३०० शिखरं, रुग्ण ३०, निरोगी ३०. काहीही खरा फरक नसताना नुसत्या योगायोगाने यातली १५ शिखरं नेहमीच्या पाच टक्क्यांच्या कसोटीवर "फरक आहे" असं सांगतील. मग त्या १५ वर एखादं संगणकीय प्रारूप शिकवलं की ते त्याच ६० माणसांना झकास वेगळं करून दाखवतं. नव्या ६० माणसांवर कोसळतं. वेगवेगळ्या गटांनी कॅन्सरसाठी छापलेल्या वाफांच्या याद्या एकमेकींशी जेमतेम जुळतात, त्याचं एक मोठं कारण हेच. कुठलीही बातमी वाचताना मी एकच शोधतो: प्रारूप ज्यांच्यावर शिकलं त्यांच्याखेरीज दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या यंत्रावरच्या माणसांवर तपासलं का?


समीर_क

धन्यवाद डॉक्टर, अंकगणिती. ती चाचणी करत नाही. सीटीची तारीख भिंतीवर लिहून ठेवली.


वाचनमात्र

मग कोविडच्या वेळी श्वासावरची चाचणी मंजूर झाली होती ती कशी? आणि कुत्र्यांचं काय?


अंकगणिती

कोविडचं यंत्र अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने एप्रिल २०२२ मध्ये तातडीच्या वापरासाठी मान्य केलं होतं. विमानात बरोबर नेतो त्या बॅगेएवढं यंत्र, श्वासातल्या पाच वाफा मोजून तीन मिनिटांच्या आत निकाल. २,४०९ लोकांवरच्या अभ्यासात ९१.२ टक्के बाधित पकडले, ९९.३ टक्के अबाधित बरोबर सांगितले. तरीही "बाधित" निकाल प्रयोगशाळेतल्या चाचणीने पक्का करायचा, अशी अट होतीच. मला वाटतं तिथे एक फायदा होता. ताजा, तीव्र संसर्ग शरीरात मोठी खळबळ माजवतो. ७ मिलिमीटरच्या गाठीचा आवाज फार बारीक असतो.


छातीचे_डॉक्टर

कुत्र्यांवरचा २००६ चा अभ्यास गाजला. घरगुती कुत्र्यांना काही आठवडे शिकवून श्वासाच्या नमुन्यांवरून फुप्फुसाचा कॅन्सर ओळखायला लावलं, आणि निकाल थक्क करणारे होते. नंतर, नमुना कुणाचा हे हाताळणाऱ्यालाही माहीत नसेल अशा कडक चाचण्या झाल्या, तेव्हा कामगिरी बरीच घसरली. कुत्र्याला खरंच काहीतरी कळत असेल, मला शक्य वाटतं. पण त्याला कॅन्सर कळतो की वॉर्ड कळतो, हा ऋता यांचाच प्रश्न तिथेही उरतो.


पेट्रीबशी

मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत असते. तुमच्या धाग्यात एक बाजू राहून गेली, ती म्हणजे जंतूंचा स्वतःचा वास.

स्यूडोमोनास नावाचा जंतू बशीवर वाढला की झाकण उचलताच द्राक्षांसारखा गोडसर वास येतो. आमच्यातल्या कुणालाही डोळे मिटून ओळखता येतो. तो वास एका ठराविक रेणूचा आहे, अमिनोअॅसिटोफिनोनचा. हाच जंतू हायड्रोजन सायनाइडही सोडतो. सिस्टिक फायब्रोसिस (फुप्फुसात चिकट कफ साठवणारा जन्मजात आजार) असलेल्या मुलांच्या फुप्फुसात तो घर करून बसतो, आणि लवकर कळला तर त्याला उखडता येतं. अडचण अशी की लहान मुलं बेडका काढून देत नाहीत, घशातून काडी फिरवून घेतलेल्या नमुन्यावर भरवसा ठेवता येत नाही. अशा मुलांच्या श्वासात हे दोन रेणू शोधायचे प्रयत्न चालू आहेत. इथे रेणू मुख्यतः जंतूचा आहे, म्हणून खोलीच्या हवेतून किंवा चालण्याने तो वाढायची भीती कमी. मला या वाटेबद्दल जास्त आशा वाटते.

क्षयाबाबत आणखी वेगळी युक्ती आहे. वाफा शोधण्याऐवजी मास्कच्या आत एक पातळ पट्टी लावतात, रुग्णाने तो काही वेळ घालायचा, आणि पट्टीवर बसलेल्या तुषारांत जंतूचं डीएनए शोधायचं. ज्यांना थुंकी पडत नाही पण ज्यांच्या श्वासातून जंतू बाहेर पडतोय, असे लोक यात सापडतात.


ऋता_प

पेट्रीबशी, फार महत्त्वाची भर. मी वाफांच्या माणसांत वावरते म्हणून हे निसटलं.

तुम्ही तुषारांचं काढलंत तर माझ्या सगळ्यांत आवडत्या नमुन्याबद्दल लिहितेच. श्वास नुसता वायू नसतो. पूर्ण, अगदी शेवटपर्यंत हवा सोडली की फुप्फुसाच्या टोकाकडच्या बारीक नळ्या मिटतात. क्षणभर थांबून पुन्हा श्वास घेतला की त्या पुन्हा उघडतात, आणि उघडताना आतल्या ओल्या अस्तराचा पापुद्रा फुटून अगदी सूक्ष्म थेंब उडतात. पुढच्या उच्छ्वासात ते बाहेर येतात. हे थेंब एका पातळ पडद्यावर आदळवून गोळा करता येतात, आणि त्यांत वायुकोश उघडे ठेवणारे स्निग्ध पदार्थ व प्रथिनं सापडतात. फुप्फुसाचा हा भाग एरवी दुर्बीण घालूनही नीट हाती लागत नाही. दमा असो की धूम्रपानाने आलेला आजार, तो बहुतेकदा याच बारीक नळ्यांत आधी सुरू होतो.

श्वास थंड नळीतून सोडून पाणी गोळा करण्याची पद्धतही आहे. दहा-पंधरा मिनिटं शांत श्वास घेतला की एक-दोन मिलिलिटर पाणी जमतं. त्याची आम्लता, हायड्रोजन पेरॉक्साइड वगैरे मोजतात. पण ते जवळजवळ सगळं पाणीच असतं, खरा ऐवज किती पातळ झाला ते सांगता येत नाही, आणि लाळ मिसळली तर सगळं वाया. मी दोन वर्षं त्यात घालवली, आता त्यावर माझा फारसा विश्वास उरलेला नाही.


कणाद

हे थेंबांचं प्रथमच वाचलं. आता माझा प्रश्न बदलतो. फुंकर एकच, पण तुम्ही त्यातून वायू, वाफ, पाणी आणि थेंब असे चार वेगळे नमुने काढता. चारही एकाच बैठकीत घेता येतात का?


ऋता_प

येतात, पण क्रम पाळावा लागतो. आधी नायट्रिक ऑक्साइड, मग वाफा, मग थेंब, आणि स्पायरोमेट्री सगळ्यांत शेवटी. जोरात फुंकण्याने नायट्रिक ऑक्साइडचा आकडा काही काळ खाली जातो. हा क्रम उलटा करणारी ठिकाणं मी पाहिली आहेत आणि मला त्याचा राग येतो, कारण चूक कागदावर कुठेच दिसत नाही. मीनलताई, मुलाच्या दोन्ही चाचण्या एकाच दिवशी असतील तर आधी फेनो करा असं तिथे सांगा. आणि आधीचा एक तास काही खाणं-पिणं, पळापळ नको. सर्दी असेल तर आधीच कळवा. पंप मात्र डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बंद करू नका.


मीनल९

सगळ्यांना धन्यवाद. काल तपासणी झाली. आधी फेनो करा म्हटलं तर तिथल्या ताई हसून म्हणाल्या, तसंच करणार होतो. तिसऱ्या प्रयत्नात ढग रेघांच्या मध्ये राहिला. रडणं नाही, काही नाही. आकडा ५८.

डॉक्टरांनी औषध लगेच वाढवलं नाही. म्हणाले, रोज पंप घेऊनही इतका आकडा म्हणजे औषध आत पोचत नसावं. त्याला समोर पंप घ्यायला सांगितला. तो पंप दाबायचा आणि मग श्वास घ्यायचा, तोवर निम्मं औषध तोंडातच. दोन वर्षं मी शेजारी उभी राहून बघत होते आणि मला कळलं नाही. आता स्पेसरमधून, म्हणजे पंपाला जोडायच्या पोकळ नळीतून घेतो, पाच सावकाश श्वास, मी मोजते. सहा आठवड्यांनी पुन्हा बोलावलंय.


छातीचे_डॉक्टर

मीनलताई, हे बघणाऱ्याला पटकन कळत नाही, स्वतःला दोष देऊ नका. पुढच्या वेळी ५८ वरून निदान २० टक्के तरी खाली यायला हवा, तर औषध लागू पडतंय असं समजू.


मीनल९ (सहा आठवड्यांनी)

धागा वर काढते. आज २६ आला. रात्रीचा खोकला तीन आठवड्यांपासून नाही. डॉक्टर म्हणाले, आहे तेच चालू ठेवा, तीन महिन्यांनी पुन्हा मोजू. त्या वेळी घराजवळ दुसरीकडे करून घेतली तर चालेल का?


ऋता_प

किती बरं वाटलं वाचून! शक्यतो त्याच ठिकाणी, त्याच यंत्रावर करा. वेगवेगळ्या यंत्रांचे आकडे एकमेकांशी सरळ जुळत नाहीत, आणि तुम्हाला २६ शी तुलना करायची आहे. दुसरीकडे करावीच लागली तर रिपोर्टवर यंत्राचं नाव लिहून घ्या. त्या आठवड्यात त्याला सर्दी झाली तर तारीख पुढे ढकला.